बीज आणि भूमी : प्रोस्टेटच्या कर्करोगाचा अस्थींकडील प्रवास

सैबेरियाच्या दक्षिण भागात, मंगोलियाच्या सीमेला लागून तुवा नावाचा प्रदेश आहे. तेथील अर्झान या ठिकाणी रशियन व जर्मन पुरातत्त्वज्ञांनी २००१ साली एक प्राचीन थडगे उघडले. सिथियन, म्हणजे आपल्या इतिहासात ज्यांना शक म्हणतात त्यांच्या कुळातील एका राजाचे ते थडगे होते. ख्रिस्तपूर्व सातव्या शतकात, मृत्युसमयी चाळीस ते पन्नास वर्षांच्या असलेल्या या राजास हजारो सुवर्णवस्तूंसह मातीआड केलेले होते. जगाचे लक्ष त्या सोन्याकडे वेधले गेले. परंतु वैद्यकाच्या अभ्यासकांचे डोळे लागले ते राजाच्या हाडांकडे. मणक्यांपासून अनेक अस्थींत विकृत वाढीच्या व पोखरणीच्या खुणा विखुरलेल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाने त्या हाडांचे पापुद्रे तपासले गेले, हाडांत टिकून राहिलेल्या प्रथिनांची परीक्षा झाली आणि २००७ साली निदान प्रसिद्ध झाले : राजास प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग होता आणि तो हाडांत पसरला होता.

२०११ साली असेच दुसरे निदान प्रसिद्ध झाले. लिस्बन येथील राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात टॉलेमी राजवटीच्या काळातील एक इजिप्शियन ममी जपून ठेवलेली आहे. तिची संगणकीय क्ष-किरण छायाचित्रे घेतली असता कटिभागाच्या अस्थींत व कमरेच्या मणक्यांत दाट, गोलसर गाठी दिसून आल्या. त्यांचा आकार व त्यांची ठिकाणे पाहून अभ्यासकांनी याच रोगाचा निष्कर्ष काढला. ज्या ग्रंथीत रोगाचा उगम झाला, ती ग्रंथी या दोघांच्याही बाबतीत साक्ष द्यायला उरलेली नव्हती. साक्ष दिली ती हाडांनी. या रोगाचे अस्थींशी असलेले नाते किती जुने आहे, हे त्यावरून ध्यानी यावे.

प्रोस्टेट, म्हणजे शास्त्रीय मराठीत अष्ठीला ग्रंथी, ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. उतारवयात तिची साधी वाढ होऊन लघवीला अडथळा होतो, हे वैद्यांना पूर्वापार ठाऊक होते. परंतु तिच्यात कर्करोगही होतो, हे सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने प्रथम सिद्ध झाले ते १८५३ साली. लंडन हॉस्पिटलमधील शल्यवैद्य जॉन अ‍ॅडम्स यांनी तो रुग्ण नोंदविला, तेव्हा हा रोग फार दुर्मीळ असल्याचे त्यांनी नमूद केले होते. आज त्या अभिप्रायाचे नवल वाटते. कारण एकट्या २०२२ साली जगभरात या रोगाचे सुमारे १४ लाख ६८ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि जवळजवळ ३ लाख ९७ हजार पुरुष त्याने दगावले. मग तो त्या काळी दुर्मीळ होता काय? तसे नव्हे. एक तर तो ज्या वयात येतो, त्या वयापर्यंत थोडेच लोक जगत. आणि दुसरे असे की, जे जगत त्यांच्या लघवीच्या तक्रारीचा आणि पाठीच्या दुखण्याचा एकमेकांशी संबंध असू शकेल, हे कोणाच्या मनात येत नसे. लघवीची तक्रार वयावर जाई, आणि पाठीचे दुखणे संधिवातावर.

हा संबंध शवविच्छेदनाच्या मेजावर उघड झाला. स्ट्रासबुर्ग येथील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख फोन रेक्लिंगहाउझेन यांनी १८९१ साली, आपले गुरू रूडॉल्फ फिरखो यांच्या गौरवार्थ निघालेल्या ग्रंथात हाडांच्या विकारांवर एक प्रदीर्घ प्रबंध लिहिला. त्यात त्यांनी प्रोस्टेटच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या अस्थींचे वर्णन केले. कर्करोग हाडात शिरला म्हणजे हाड पोखरले जाते, ही सामान्य समजूत होती. येथे मात्र उलट दिसत होते. कर्करोगाच्या पेशींभोवती नवे हाड तयार झालेले होते. मज्जेची पोकळी हाडानेच भरून गेली होती. प्राथमिक गाठ इतकी लहान की हयातीत तिचा पत्ताही लागू नये, आणि अस्थींत मात्र रोगाने साम्राज्य मांडलेले! रोग एका जागी उगम पावतो आणि दुसऱ्या जागी बहरतो, तो का? आणि ती दुसरी जागा नेमकी हाडांचीच का?

कर्करोग दूर कसा जातो, या प्रश्नालाही त्या काळी नुकतेच कोठे उत्तर मिळाले होते. एखादा दूषित रस शरीरभर पाझरतो आणि तो जेथे जाईल तेथील निरोगी पेशींना बिघडवतो, अशी फिरखोंसारख्या श्रेष्ठ विद्वानांचीही धारणा होती. जर्मन शल्यवैद्य कार्ल टीर्श यांनी १८६५ साली दाखवून दिले की, कर्करोग अस्तरपेशींतूनच उगवतो. आणि प्रवास करतात त्या पेशी, रस नव्हे. मूळ गाठीतून सुटलेली पेशी रक्तातून अथवा लसीकेतून वाहत जाते आणि परक्या ठिकाणी नवी वसाहत करते, हे मत पुढे सर्वमान्य झाले. परंतु वाहत जाणारी पेशी थांबते कोठे? बहुतेकांचे उत्तर सोपे होते : जेथे वाट अरुंद होते तेथे. नदीत वाहत आलेला ओंडका जसा चिंचोळ्या जागी अडकतो, तशी पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि तेथेच वाढते.

या उत्तरावर पहिला मोठा आक्षेप घेतला तो लंडनच्या एका तरुण शल्यवैद्याने. स्टीफन पॅजेट हे त्याचे नाव. वडील सर जेम्स पॅजेट हे व्हिक्टोरियाच्या राजवटीतील नामांकित शल्यवैद्य. हाडांच्या एका विकाराला आजही त्यांचेच नाव आहे. चिरंजिवांनी १८८९ च्या मार्च महिन्यात 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक छोटासा लेख लिहिला. त्यासाठी त्यांनी प्रयोगशाळेत प्रयोग केला नाही की नवे उपकरण शोधले नाही. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्यांनी चाळल्या आणि कोणत्या अवयवात दुय्यम गाठी किती वेळा सापडल्या, याची मोजदाद केली. यकृतात गाठी आढळल्या २४१ वेळा. प्लीहेत अवघ्या १७ वेळा. प्लीहेला रक्त पुरवणारी रोहिणी काही लहान नाही. यकृताच्या रोहिणीपेक्षा ती मोठीच आहे. पेशी केवळ प्रवाहाबरोबर वाहून अडकत असती, तर प्लीहेची सुटका होण्याचे काही कारण नव्हते. पुवाने रक्त दूषित होते त्या विकारात प्लीहा अशी सुटत नाही, हेही पॅजेट यांनी पडताळून पाहिले. हाडांविषयी तर त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले की, स्तनाच्या कर्करोगात अस्थींवर जो विशेष घाला पडतो, त्याचा उलगडा केवळ अडकण्याच्या उपपत्तीने होत नाही.

मग उलगडा कशाने होतो? पॅजेट यांनी दृष्टांत घेतला तो शेतीचा. झाडाचे बी वाऱ्यावर दाही दिशांना उडते. पण रुजते ते मानवेल त्या जमिनीतच. कर्करोगाची पेशी हे बीज आणि शरीराचा अवयव ही भूमी. व्हिएन्नाचे नेत्रवैद्य एर्न्स्ट फुक्स यांनी १८८२ साली असाच विचार मांडला होता, आणि त्याचे श्रेय पॅजेट यांनी प्रांजळपणे त्यांना दिले. लेखाच्या अखेरीस त्यांनी आणखी एक नम्र गोष्ट सांगितली. कर्करोगाच्या बीजाची सूक्ष्म परीक्षा करणारे ते वनस्पतिशास्त्रज्ञ. जुन्या नोंदी चाळणारा मनुष्य म्हणजे केवळ नांगर धरणारा शेतकरी. पण जमिनीच्या गुणांविषयी त्याने केलेले निरीक्षणही कधी उपयोगी पडू शकेल.

आपल्याकडील कोणत्याही कुणब्याला यात नवे काही वाटणार नाही. बी कितीही चांगले असले, तरी रानाला वाफसा आल्यावाचून पेरणी साधत नाही, आणि काळ्या रानात तरारणारे पीक मुरमाड माळावर उगवतही नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. वैद्यकशास्त्राला मात्र ही गोष्ट पटण्यास बराच काळ लागला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्करोगविज्ञानातील अधिकारी पुरुष म्हणजे न्यूयॉर्कचे जेम्स यूइंग. त्यांनी १९२८ च्या सुमारास असे प्रतिपादन केले की, रक्ताभिसरणाची रचना नीट पाहिली म्हणजे दुय्यम गाठींची बहुतेक ठिकाणे समजतात; भूमीच्या विशेष गुणांची कल्पना करण्याचे कारण नाही. यूइंग यांच्या शब्दाला वजन होते. पॅजेट यांचा लेख त्यानंतर अनेक वर्षे ग्रंथालयाच्या फडताळात पडून राहिला.

यूइंग यांच्या मताला प्रोस्टेटच्या बाबतीत जो भक्कम आधार मिळाला, तो १९४० साली. अशुद्ध रक्त नीलांवाटे हृदयात आणि तेथून फुप्फुसात जाते. तेव्हा प्रोस्टेटमधून निघालेली पेशी प्रथम फुप्फुसात अडकावयास हवी. प्रत्यक्षात कित्येक रुग्णांच्या मणक्यांत गाठी असत आणि फुप्फुसे मात्र स्वच्छ असत. हे कोडे सोडविले पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील शरीररचनाशास्त्रज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी. पाठीच्या कण्याभोवती नीलांचे एक दाट जाळे आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ झिल्बेर ब्रेशे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच त्याची सुंदर चित्रे काढली होती. पण त्या जाळ्याचे कार्य काय, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नव्हते. बॅटसन यांनी शवाच्या कटिभागातील नीलांकडे जाणाऱ्या एका नीलेत क्ष-किरणांत दिसणारा द्रव सोडला. तो द्रव नेहमीच्या मोठ्या नीलेने हृदयाकडे जाण्याऐवजी त्रिकास्थीच्या व मणक्यांच्या नीलांत पसरला. जिवंत माकडांच्या पोटावर दाब दिला असता हेच घडले. या जाळ्यातील नीलांना झडपा नसतात. म्हणून खोकताना, शिंकताना, कुंथताना पोटातील दाब वाढला की रक्त उलट्या दिशेने कण्याकडे लोटले जाते. प्रोस्टेटपासून मणक्यांपर्यंत, फुप्फुसांना वळसा घालून जाणारी एक आडवाट आहे, हे अशा रीतीने सिद्ध झाले.

या आडवाटेचे महत्त्व पुढील काळातही टिकून राहिले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या १,५८९ शवविच्छेदनांचा अभ्यास होता. ज्यांच्यात रोग रक्तावाटे दूर पसरला होता, त्यांच्यापैकी ९० टक्के रुग्णांच्या हाडांत, ४६ टक्के रुग्णांच्या फुप्फुसांत व २५ टक्के रुग्णांच्या यकृतात तो आढळला. आणि कण्यातील गाठी पुष्कळदा फुप्फुसातील गाठींच्या आधीच्या असाव्यात, असे अनुमान निघाले. तथापि केवळ वाटेने सर्व गोष्टींचा उलगडा होत नाही. मूत्राशय व गुदाशय हे प्रोस्टेटचे अगदी शेजारी. त्यांच्या नीलाही या जाळ्याला मिळतात. परंतु त्यांचे कर्करोग हाडांकडे एवढ्या प्रमाणात वळत नाहीत. शिवाय प्रोस्टेटच्या पेशी बरगड्या, मांडीचे हाड, कवटी अशा दूरच्या ठिकाणीही जाऊन वसतात. वाट कोणती हे बॅटसन यांनी दाखविले. मुक्काम का, हे कळावयाचे राहिलेच होते.

दरम्यान रसायनशास्त्राने या विषयात प्रवेश केला होता. प्रोस्टेट ग्रंथीत आम्ल फॉस्फेटेज नावाचे एन्झाइम विपुल असते, हे जर्मनीत १९३५ साली कळून आले. लगेच १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये एथेल व अलेक्झांडर गटमन आणि त्यांचे सहकारी यांना प्रोस्टेटच्या कर्करोगाने व्यापलेल्या हाडांतही तेच एन्झाइम सापडले. परगावी गेलेल्या माणसाची बोली जशी त्याचे मूळ गाव सांगते, तशी हाडातील ती पेशी आपले मूळ सांगत होती. १९३८ साली गटमन दांपत्याने दाखविले की, रोग हाडांत पसरलेल्या रुग्णांच्या रक्तातही हे एन्झाइम वाढलेले असते. पाठीच्या कण्यात चाललेल्या घडामोडींची बातमी आता दंडातून काढलेल्या रक्तातून मिळू लागली.

या बातमीचा खरा उपयोग केला तो शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्स यांनी. कॅनडात जन्मलेले हगिन्स मूत्ररोगांचे शल्यवैद्य होते. पण त्यांच्या जिज्ञासेचा आरंभ झाला होता तो हाडांपासूनच. मूत्राशयाच्या अस्तराचा तुकडा कुत्र्याच्या स्नायूत बसविला असता त्याच्याभोवती चक्क हाड तयार होते, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले होते. एका अवयवाची पेशी दुसऱ्या ठिकाणच्या पेशींना हाड घडविण्याची आज्ञा देऊ शकते, याचा तो प्रत्यक्ष पुरावा होता. त्यानंतर ते प्रोस्टेटकडे वळले. कुत्र्याची प्रोस्टेट ग्रंथी पुरुष-अंतःस्रावावर जगते, आणि तो बंद केला की ती आक्रसते, हे पाहून त्यांनी तोच विचार रुग्णांना लावला. १९४१ साली हगिन्स व त्यांचे सहकारी क्लॅरेन्स हॉजेस प्रभृतींनी रोग पुढे गेलेल्या २१ रुग्णांचे वृषण काढून टाकल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्तातील आम्ल फॉस्फेटेज झपाट्याने उतरले. अस्थींच्या वेदनांनी अंथरुणाला खिळलेल्या कित्येकांची वेदना काही दिवसांतच शमली. पुढे फैललेला कर्करोगही शरीरातील अंतःस्रावांवर अवलंबून असू शकतो आणि ते काढून घेतले तर माघार घेतो, ही गोष्ट तोवर कोणी इतक्या स्पष्टपणे दाखविली नव्हती. पंचवीस वर्षांनी, १९६६ साली, हगिन्स यांना पेटन राउस यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु ही माघार कायमची नव्हती. बहुतेकांत वर्षा-दोन वर्षांनी रोग पुन्हा डोके वर काढी आणि तोही पुष्कळदा हाडांतच. शिवाय या उपचाराचा एक परिणाम सावकाश कळून आला. पुरुष-अंतःस्राव हाडांच्या बळकटीलाही आवश्यक असतो. तो नाहीसा केला की बीजाचे पोषण तुटते हे खरे. पण त्याबरोबर हाडेही विरळ व ठिसूळ होतात. बीजावर केलेला घाव भूमीलाही लागतो.

भूमीकडे शास्त्राचे लक्ष पुन्हा वळविले ते अमेरिकेतील आयझाया फिडलर यांनी. त्यांनी १९७० साली उंदरांच्या रक्तात किरणोत्सर्गी खूण केलेल्या कर्कपेशी सोडल्या आणि त्यांचा माग काढला. एका दिवसातच बहुतेक सर्व पेशी मरून गेल्या. हजारांत एखादीही धड जगली नाही. रक्तात पेशी शिरणे म्हणजे नवी गाठ होणे नव्हे, हे उघड झाले. पुढे १९८० साली इयान हार्ट व फिडलर यांनी उंदरांच्या मांडीत फुप्फुस, बीजकोश व मूत्रपिंड यांच्या ऊतींची कलमे लावली. रक्त सर्व कलमांना मिळत होते, पेशी सर्वांपर्यंत पोहोचत होत्या. परंतु गाठी झाल्या त्या फुप्फुसाच्या व बीजकोशाच्या कलमांत. मूत्रपिंडाचे कलम मोकळे राहिले. पॅजेट यांनी जे नोंदवह्यांतून अनुमानले होते, ते नव्वद वर्षांनी प्रयोगाने सिद्ध झाले. त्यांचा लेख १९८९ साली, शंभराव्या वर्षी, पुन्हा छापण्यात आला.

मग हाडाच्या भूमीत प्रोस्टेटच्या पेशीला मानवेल असे काय आहे? हाड म्हणजे निर्जीव दगड, ही समजूत प्रथम सोडून द्यावी लागते. हाड आयुष्यभर मोडत आणि घडत असते. अस्थिभंजक पेशी जुने हाड विरघळवितात, अस्थिजनक पेशी त्या जागी नवे घालतात; घराची डागडुजी चालावी तसे हे काम अखंड चालू असते. हाडाच्या खनिजांत वाढीला चालना देणारी अनेक प्रथिने साठविलेली असतात. हाड विरघळले की ती मोकळी होतात. आत मज्जेतील रक्तवाहिन्या रुंद, त्यांतील प्रवाह संथ आणि त्यांच्या भिंती विरळ, म्हणून परक्या पेशीला उतरून राहणे सोपे. शिवाय मज्जेतील पेशी एक रासायनिक हाक देत असतात. रक्त निर्माण करणाऱ्या मूळ पेशी तिच्या अनुरोधाने आपल्या घरी परततात, आणि प्रोस्टेटच्या कर्कपेशींच्या अंगीही ती हाक ऐकण्याचे साधन असते. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली उंदरांत दाखविले की, या कर्कपेशी मज्जेत जाऊन रक्ताच्या मूळ पेशींची घरे बळकावतात. तेथे त्या वर्षानुवर्षे निपचित पडून राहू शकतात. ग्रंथी काढून टाकल्यावर आठ-दहा वर्षांनी हाडांत रोग उद्भवतो, त्याचे एक कारण या सुप्त बीजांत असावे.

जागी झालेली पेशी मात्र नुसती भूमीवर जगत नाही. ती भूमीच बदलू लागते. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी बहुधा अस्थिभंजक पेशींना चिथावतात आणि हाड पोखरले जाते. प्रोस्टेटच्या पेशींचा भर अस्थिजनक पेशींवर असतो. त्या एंडोथेलिन-१ नावाचा पदार्थ सोडतात आणि तो अस्थिजनक पेशींना कामाला लावतो, हे १९९५ साली उघडकीस आले. मार्शल यूरिस्ट यांनी १९६५ साली ज्यांचा माग काढला होता, ती हाड घडविणारी प्रथिनेही त्या निर्माण करतात. उत्तेजित झालेल्या अस्थिजनक पेशी उलट कर्कपेशींना वाढीची द्रव्ये पुरवितात. असे हे देवघेवीचे दुष्टचक्र फिरू लागते. त्यातून होणारे हाड दाट असले तरी भक्कम नसते. त्याचे धागे वेडेवाकडे विणलेले असतात. क्ष-किरणांत ते पांढरेशुभ्र दिसते, आणि साध्या धक्क्याने मोडते. शिवाय नव्या बांधकामाबरोबर जुन्या हाडाची मोडतोडही आत चालूच असते. रेक्लिंगहाउझेन यांना मज्जेत जे हाड भरलेले दिसले होते, त्याचा अर्थ असा शंभर वर्षांनी लागला.

हा अर्थ लागल्यावर उपचाराची दिशाही बदलली. बीज मारता येत नसेल, तर भूमी त्याला मानवेनाशी करता येईल काय? अस्थिभंजक पेशींना आवर घालणारे झोलेड्रोनिक आम्ल २००२ च्या सुमारास या रोगात वापरात आले, आणि २०१० साली डेनोसुमॅब. १,९०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या तुलनेत पहिल्या गंभीर अस्थिविकारापर्यंतचा काळ पहिल्या औषधाने १७.१ महिने, तर दुसऱ्याने २०.७ महिने होता. एकूण आयुर्मानात मात्र फरक पडला नाही. एंडोथेलिनला रोखणाऱ्या औषधांवर मोठी आशा होती, पण मोठ्या चाचण्यांत ती फोल ठरली. केवळ भूमीची मशागत करून बीज नाहीसे होत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

एका उपायाची कथा मात्र विलक्षण आहे. रेडियम हे मूलद्रव्य कॅल्शियमच्या कुळातील; म्हणून शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठविते. १९२० च्या दशकात अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांना रेडियमचा चमकता रंग देणाऱ्या कामकरी मुली ब्रशाचे टोक ओठांनी साधीत, आणि हाडांत शिरलेल्या त्या रेडियमने त्यांतील कित्येकींचे प्राण घेतले. त्याच गुणाचा उपयोग पुढे औषधासाठी झाला. रेडियम-२२३ हा अल्पायुषी प्रकार जेथे नवे हाड वेगाने तयार होत असते तेथे जाऊन बसतो, आणि त्याचे किरण केसाच्या जाडीएवढ्या अंतरातच संपतात. कर्कपेशींनी घडविलेले हाडच त्याला त्यांच्यापर्यंत नेते. ९२१ रुग्णांच्या चाचणीत मध्यम आयुर्मान ११.३ महिन्यांवरून १४.९ महिन्यांवर गेले, आणि २०१३ साली या औषधाला मान्यता मिळाली. पुढे दुसऱ्या एका औषधाच्या जोडीने ते दिले असता हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले, आणि भूमीचा विचार सोडून चालत नाही, हे पुन्हा एकवार कळले.

साडेतीन महिने हा काळ ग्रंथात लहान दिसतो. ज्याच्या घरात तो मिळतो, त्याला तो लहान वाटत नाही. तथापि सर्वांत मोठा लाभ अजूनही वेळीच ओळखण्यात आहे. उतारवयात पाठ दुखली म्हणजे कर्करोगच असतो असे मुळीच नाही; बहुतेकांचे दुखणे साधेच असते. परंतु जी वेदना विश्रांतीने थांबत नाही, रात्री वाढते आणि आठवड्यागणिक बळावत जाते, ती वयावर टाकून देऊ नये. त्याबरोबर पायांत बधिरपणा वा अशक्तपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटू लागला, तर मणक्याचा दाब मज्जारज्जूवर पडत असण्याचा संभव असतो. अशा वेळी दिवसाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे लागते, कारण गेलेली पायांची शक्ती पुष्कळदा परत येत नाही.

अर्झानच्या राजाला हे सांगणारे कोणी नव्हते. त्याची पाठ का दुखते, हे त्याच्या वैद्यांना कळणे शक्य नव्हते. ते कळावयास सव्वीस शतके जावी लागली. त्या दीर्घ वाटेवर मोठमोठ्या प्रयोगशाळांचा वाटा आहे, तसाच जुन्या रुग्णनोंदी चिकाटीने मोजीत बसलेल्या एका मनुष्याचाही आहे. त्याने स्वतःला केवळ नांगरधारी म्हटले होते. जमिनीकडे पाहण्याची त्याची ती सवय आज हजारो रुग्णांच्या उपचारात कामी येत आहे.